प्रकाश सापळ्याचा दिवा व तरंगलांबीचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर या कापसाच्या तालुक्यांत बोंडअळीचे पतंग धरण्यासाठी प्रकाश सापळा लावताना दिवा जितका झगझगीत तितका उत्तम, असे मानण्याचा मोह होतो. ते बरोबर नाही. प्रकाश सूक्ष्म कणांच्या रूपाने ऊर्जा देतो, असे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. तरंगलांबी जितकी आखूड, तितकी एका कणाची ऊर्जा अधिक.

हिशेब सोपा आहे. १२४० या संख्येस नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका कणाची ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात. ५९० नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशास २.१ येतात, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशास ३.४. पिवळ्या दिव्याचे वॅट दुप्पट केले तर कणांची संख्या वाढते. प्रत्येक कणाची ऊर्जा २.१ च राहते. पतंगाच्या डोळ्यातील रंगद्रव्ये अतिनील व निळा प्रकाश चांगला शोषतात, पिवळा फारच कमी. माणसास मात्र अतिनील प्रकाश दिसत नाही, म्हणून असा दिवा मंद भासतो. मंद दिसतो म्हणून तो दुकानदारास परत करू नये. खोक्यावर छापलेली तरंगलांबी वाचावी. पेटलेल्या दिव्याकडे टक लावून पाहणे डोळ्यांस अपायकारक आहे.

गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी कामगंध सापळाच अधिक भरवशाचा. दिव्याकडे क्रायसोपासारखे उपयोगी कीटकही ओढले जाऊन मरतात.