वीतभर पाणी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

वाशी म्हटले की मुंबईकडच्या माणसाला खाडीपलीकडची, रेल्वे स्थानकाची वाशी आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. येथे रेल्वे नाही, खाडी नाही आणि पाऊसही बेताचाच. अशा गावच्या विद्यार्थ्याने महानगराच्या वाहतुकीवर लिहावे हे थोडे धारिष्ट्याचेच. पण त्याला एक निमित्त घडले.

भूगोलाच्या तासाला सरांनी सांगितले, की २ फेब्रुवारी २००९ रोजी लंडनमध्ये काही इंच बर्फ पडला आणि सकाळी त्या शहरात एकही बस धावू शकली नाही. वर्ग हसला. मीही हसलो. आम्ही बर्फ पाहिला तो रसवंतीतला. आकाशातून पडतात त्या फार तर गारा. रशियात, नॉर्वेत माणसे गुडघाभर बर्फातून कामावर जातात आणि लंडनसारखे शहर एवढ्यात गुडघे टेकते, याची आम्हांला गंमत वाटली. तास संपला. घरी जाताना मात्र जुलै महिन्यातला एक दिवस आठवला आणि माझे हसू गेले.

माझे चुलते डोंबिवलीला राहतात आणि मुंबईत एका गोदामात रोजंदारीवर काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि माझी पहिल्या वर्षाची फी त्यांच्याच रोजातून आलेली. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो असता एका सकाळी त्यांच्याबरोबर लोकलमध्ये चढलो. दोन स्थानकांच्या मधे गाडी थांबली ती थांबलीच. दीड तासाने माणसे खाली उड्या टाकू लागली. चुलत्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, डबा छातीशी धरला आणि म्हणाले, "पुढच्याचं पाऊल बघून पाऊल टाक." मी खाली पाहिले. रूळ बुडालेले होते, पण पाणी माझ्या पोटरीच्याही खालीच. एवढ्या पाण्यातून आमच्याकडची बैलगाडी सहज जाईल! चुलते कामावर पोहोचले तेव्हा हजेरी लागून गेली होती. त्या दिवसाचा खाडा पडला. रात्री जेवताना ते म्हणाले, "गावाकडं पाऊस नाही म्हणून खाडा, इथं पाऊस आहे म्हणून खाडा."

एवढ्याशा पाण्याने एवढी मोठी गाडी का अडावी, हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन हिंडतो आहे. वाचून जे समजले ते असे. लोकलला ओढणाऱ्या विजेच्या मोटारी डब्याच्या तळाखाली, चाकांच्या आसाजवळ बसविलेल्या असतात. रुळाच्या माथ्यावर पाणी वीतभर चढण्याआधीच त्या भिजण्याचा धोका उत्पन्न होतो. वर बसलेल्या हजारो उतारूंचे पाय कोरडे असतात, पण गाडीचा जीव तळाशी असतो.

सिग्नलची गोष्ट याहून मनोरंजक आहे. रुळांतून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन रुळांना जोडतात, प्रवाह मधेच वळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. साचलेले गढूळ पाणीही दोन रुळांना असेच जोडू शकते. मग गाडी नसताना यंत्रणेला वाटते की रुळावर गाडी उभी आहे, आणि सिग्नल लालच राहतो. यात दोष काही नाही. शंका आली की थांबवायचे, अशीच तिची रचना आहे, आणि माणसांचे प्राण त्यामुळेच वाचतात. आम्ही मात्र त्या दिवशी सिग्नलला मनसोक्त शिव्या घातल्या.

इंग्लंडच्या रेल्वेलाही १९९१ च्या फेब्रुवारीत असाच अनुभव आला. बर्फ नेहमीसारखा ओला नव्हता, पिठासारखा कोरडा व बारीक होता. मोटारी थंड ठेवण्यासाठी आत जी हवा घेतली जाते, तिच्याबरोबर तो आत शिरला आणि मोटारी बिघडल्या. "बर्फ वेगळ्या जातीचा होता" या खुलाशाची तेथील वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. मला तो खुलासा आता तितकासा हास्यास्पद वाटत नाही. लंडनच्या त्या भागात २००९ सारखा बर्फ त्यापूर्वी अठरा वर्षांत पडला नव्हता. रोज बर्फ काढणाऱ्या शहराजवळ जी साधने असतात, ती त्याच्याजवळ कशी असणार?

म्हणजे प्रश्न किती पडले हा नसून किती पडेल असे धरून बांधले होते हा आहे. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटीच्या वेळी, अशा हिशेबाची होती. सात बेटांमधली खाजणे भरून हे शहर उभे राहिले. त्यामुळे सखल भाग पुष्कळ. भरती आली की समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांच्या वर जाते, आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी उलटे आत येऊ पाहते. तासाला ५० मिलिमीटरची क्षमता हवी, असे १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने सुचविले. कामाने वेग घेतला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरातल्या कुलाब्याला अवघा ७३. आमच्या जिल्ह्यात सरासरी वर्षाचा सगळा पाऊस एकत्र केला तरी ९४४ भरत नाही! पुढे हाजीअली, इर्ला वगैरे ठिकाणी पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रे झाली. तरीही २९ ऑगस्ट २०१७ ला लोकल पुन्हा थांबल्या.

२००५ चा तो प्रसंग माझ्या जन्माआधीचा. चुलते त्या रात्री गाडीतच अडकले होते. दुसऱ्या दिवशी ते रुळांवरून चालत घरी आले. अशा प्रसंगी वृत्तपत्रे मुंबईकरांच्या जिद्दीचे कौतुक करतात. मासिक पगारवाल्याला ते शोभतही असेल. रोजंदारीच्या माणसाला चालण्यावाचून गत्यंतर नसते, एवढाच त्या जिद्दीचा अर्थ मला त्यांच्या बोलण्यातून कळला.

पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या तारखा मुंबईत आधी जाहीर होतात. चुलत्यांनी त्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनने गोल करून ठेवल्या आहेत. त्या दिवशी ते पहाटे एक तास आधी निघतात. संध्याकाळी फोन करतात तेव्हा वडिलांना पहिला प्रश्न सोयाबीनचा असतो, "आपल्याकडं पडला का?"