दोनपैकी एक डिस्क गेली तर

ताडोबात ट्रॅप कॅमेरे बांधताना एका जागी दोन, समोरासमोर बांधतात. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर तसेच नसतात, म्हणून ओळख पटवायला दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. हे फोटो साठवणाऱ्या, मिरर केलेल्या दोन डिस्कचं उलट असतं. ‘रेड १’मध्ये दोघींवर तंतोतंत तेच. एक मेली तरी काम चालूच राहतं, आणि म्हणून ती मेल्याचं कित्येकदा लक्षातही येत नाही. या डिस्क बसवलेल्या खोक्यावरचा दिवा लाल झाला किंवा पडद्यावर ‘डिग्रेडेड’ दिसलं, की पुढच्या क्रमाने जावं.

सगळ्यात आधी नवे फोटो ओतणं बंद करा. कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं पुसायची राहिली असतील, तर उत्तमच. तशीच बाजूला ठेवा. खोका यूपीएसवर आहे ना, पाहा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्यामुळे खोक्याचा पंखा फिरतोय का तेही बघा.

मग प्रत काढा. नवी डिस्क घालण्याची घाई इथेच नडते. मिरर पुन्हा जुळवताना उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, आणि ती बहुधा मेलेल्या डिस्कच्याच दिवशी विकत घेतलेली, तेवढीच झिजलेली असते. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. कोणता कॅमेरा कुठे होता, कोणत्या फोटोत कोणता प्राणी, हे तक्ते आधी. आकाराने लहान, पण पुन्हा तयार करणं सगळ्यात अवघड. फोटो नंतर.

आता उरलेल्या डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे तिच्या तब्येतीची नोंद, उघडा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर ० नसेल, तर मिरर जुळवायला घेऊ नका. ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि ‘डीडीरेस्क्यू’ने तिची नक्कल नव्या डिस्कवर उतरवा. हा प्रोग्रॅम कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल तिसऱ्याच डिस्कवर असली, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं.

अहवाल स्वच्छ असेल, तर मेलेली डिस्क काढा. खणाच्या आकड्यावर विसंबू नका. काही खोके ०पासून मोजतात. पडद्यावरचा सिरियल नंबर कागदावर उतरवा, खोका बंद करा आणि डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. चांगली डिस्क ओढून काढण्याची चूक जाणत्यांकडूनही होते.

नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं, तर थांबा. आपल्याला ‘रिपेअर’ किंवा ‘रिबिल्ड’ हवंय. सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरला तरी ४ टेराबाइटला साडेसात तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी लावून सकाळी पाहावं. झाल्यावर फाइलींची संख्या मोजा आणि वेगवेगळ्या फोल्डरांतले फोटो उघडून बघा.

जुनी डिस्क आपोआप जिवंत झाली, तरी परत बसवू नका. ती मेली त्या दिवसापर्यंतचंच तिच्यावर असतं.

भामरागडसारख्या ठिकाणी सुटी डिस्क जूनच्या आधीच आणून ठेवा. पावसाळ्यात नदीचा पूल पाण्याखाली गेला, की कुरिअर अलीकडच्या काठावरच अडकतं.