पाय बधिर कां होतात?

हिवाळ्याच्या सकाळीं पूर्णा नदीच्या कांठच्या रस्त्यानें धांवण्याचा सराव करणें हा उत्तम व्यायाम होय. परंतु पुष्कळांस असा अनुभव येतो कीं, अर्धा कोस होतो न होतो तोंच पायाचीं बोटें जड होतात, त्यांस मुंग्या येतात, आणि पुढें तर पाऊल आपलें आहे कीं लांकडाचें, हेंच कळेनासें होतें. कोणी दोरीवरच्या उड्या मारतांना, तर कोणी सायकलीवरून लांब जातांना हीच तक्रार करितो. असें कां होतें, तें केव्हां किरकोळ समजावें आणि केव्हां समजूं नये, याचा आज विचार करूं.

कमरेंतून निघणारा एक जाड मज्जातंतु मांडीच्या मागील बाजूनें खालीं येतो व गुडघ्याच्या थोडा वर त्याच्या दोन शाखा होतात. एक शाखा गुडघ्याखालीं बाहेरच्या अंगास हाडाला वळसा घालून पुढें जाते. तेथें ती कातडीच्या अगदीं लगत असते. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायास मुंग्या येतात त्या पुष्कळदां येथल्याच दाबामुळें. दुसरी शाखा घोट्याच्या आंतल्या बाजूनें तळव्यांत उतरते आणि तिचे बारीक फांटे बोटांच्या हाडांमधून जातात. मज्जातंतूवर दाब पडला म्हणजे त्याचें रक्त अडतें व त्याच्याकडून मेंदूस जाणारी वर्दी थांबते, हेंच बधिरपण. दाब निघाला कीं वर्दी पुन्हां सुरू होते, आणि तेव्हांच्या गोंधळास आपण मुंग्या म्हणतों.

व्यायामांत हा दाब मुख्यतः तीन ठिकाणीं पडतो. पहिलें ठिकाण पावलाची वरची बाजू. धांवतांना पाऊल सुजून किंचित् मोठें होतें, पण बुटाची नाडी तेवढीच घट्ट राहते. दुसरें ठिकाण बोटांच्या मुळाशीं, विशेषतः तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मध्यें. निमुळत्या बुटानें हाडें एकमेकांवर दाबलीं जातात व मधला तंतु चेंगरतो. फिलाडेल्फियाचे शस्त्रवैद्य टॉमस मॉर्टन यांनीं या दुखण्याचें वर्णन १८७६ सालीं केलें होतें. तिसरें ठिकाण पोटरी. तेथील स्नायू श्रमानें फुगतात, परंतु त्यांवरचें चिवट वेष्टन ताणत नाहीं. अशा मुलास दर वेळीं ठराविक अंतर धांवल्यावरच कळ येते, पाऊल बधिर होतें, आणि थांबल्यावर थोड्या वेळानें आराम पडतो. अशास वैद्याकडे दाखवावें. नेट लावून धांवूं नये.

पहिल्या दोन कारणांचा उपाय आपल्याच हातीं आहे. बूट सायंकाळीं विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या हालचालीनें त्या वेळीं पाऊल मोठें झालेलें असतें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी. नाडी सैल बांधावी. जेथें दुखतें तेथील भोंक सोडून ओंवली तरी चालेल. केवळ चवड्यांवर धांवत राहूं नये, आणि अंतर हळूहळू वाढवावें. सायकलीवर अधूनमधून पाऊल पुढेंमागें सरकवावें. पाय बधिर झालाच तर थांबावें, बूट काढावेत, बोटें हालवावींत. बधिर पाय विस्तवाजवळ किंवा कढत पाण्यांत मात्र धरूं नये. भाजल्याचें त्यास कळणार नाहीं.

आतां महत्त्वाची गोष्ट. बूट काढून विश्रांति घेतल्यावरहि जें बधिरपण जात नाहीं, किंवा बसल्या जागींच येतें, तें व्यायामाचें नव्हे. मधुमेहानें किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानें तें येऊं शकतें. शरीराची एकच बाजू एकाएकीं बधिर अगर दुबळी झाली तर क्षणाचाहि विलंब न करितां रुग्णालय गांठावें. आणि अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथें स्पर्श कळत नसेल, तर तें कुष्ठरोगाचें चिन्ह असूं शकतें.

या नांवानें घाबरूं नये व लाजूंहि नये. हा रोग जंतूनें होतो, हें नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनीं १८७३ सालीं शोधून काढलें. आपल्या महाराष्ट्रांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं अमरावतीस तपोवन व बाबा आमटे यांनीं वरोऱ्यास आनंदवन उभारलें, तें समाजानें टाकलेल्या याच रोग्यांसाठीं. १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, रोग्यांचीं बोटें आपोआप झडत नाहींत. वेदना नसल्यामुळें जखमा लक्षांत येत नाहींत आणि त्या चिघळून बोटें जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं एकाच वेळीं अनेक औषधें देण्याची पद्धति सुचविली. त्या औषधांनीं सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि तीं सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. मात्र उशीर झाल्यास गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. जो मुलगा चट्टा लपवितो, तो रोगापेक्षां लाजेनेंच अधिक गमावतो.

तेव्हां घरीं एक प्रयोग करा. आजोबा किंवा आजी यांस, विशेषतः त्यांस मधुमेह असल्यास, डोळे मिटून बसण्यास सांगा. कापसाची वात तळव्यास व बोटांस निरनिराळ्या ठिकाणीं हळूच लावा, आणि स्पर्श झाला तेथें बोट ठेवण्यास सांगा. एखादें ठिकाण चुकलें तर डॉक्टरांस कळवा. त्यांच्या तळव्यास कांटा किंवा फोड नाहीं ना, हेंहि रोज पाहा, आणि त्यांस अनवाणी फिरूं देऊं नका.

पालकांस विनंती एवढीच कीं, मूल पाय बधिर झाल्याचें सांगेल तेव्हां ‘आळशीपणा करूं नकोस’ असें म्हणून त्यास गप्प करूं नये. आधीं त्याचा बूट पाहावा, मग त्याचें पाऊल पाहावें. वेदना आपणांस नकोशी वाटते. पण पावलाचा खरा पहारेकरी तीच आहे. तो पहारेकरी मुका झाला, तर त्याची विचारपूस त्याच दिवशीं व्हावयास हवी.