पाठ ११ : कार्ड नाकारलं, आता काय?

वाचण्याआधी
'पत' हा शब्द तुम्ही कधी ऐकला आहे का? 'पतपेढी' म्हणजे काय, हे आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा. मग पाठ वाचा. (या पाठातले नियम अमेरिकेतले आहेत.)

१. वाण्याची वही

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या घरी किराणा सामान उधारीवर यायचं. आई चिठ्ठी लिहून द्यायची आणि मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचो. वाणी सामान द्यायचा आणि एका लांब लाल वहीत आकडा लिहून ठेवायचा. पैसे लगेच द्यावे लागत नसत. पगार झाला की बाबा स्वतः दुकानात जाऊन सगळा हिशेब चुकता करायचे.

आमच्या गल्लीत एक श्रीमंत घर होतं. त्यांच्याकडे स्कूटर होती, रंगीत टीव्ही होता. पण वाणी त्यांना उधार देत नसे. मला याचं नवल वाटायचं. एकदा मी विचारलंच. तो म्हणाला, "बाळा, पैसा वेगळा आणि पत वेगळी. ते पैसे देतात, पण तीन-तीन महिने फेऱ्या मारायला लावतात. तुझे बाबा तारीख चुकवत नाहीत."

पत म्हणजे पैशाच्या व्यवहारात लोकांचा आपल्यावर असलेला विश्वास. ज्याला आपण क्रेडिट म्हणतो, त्याला मराठीत हाच शब्द आहे. पतपेढी आणि पतसंस्था या शब्दांतही तोच आहे.

२. नकाराचं पत्र

२०१५ साली मी नोकरीसाठी न्यू जर्सीला आलो. पगार चांगला होता. म्हणून मी एका बँकेत क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. दहा दिवसांनी पत्र आलं : अर्ज नामंजूर.

मला खूप लाज वाटली. रूममेटला दिसू नये म्हणून मी ते पत्र एका पुस्तकात लपवलं. मग रागाच्या भरात त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. तिथूनही नकारच आला.

शेवटी ऑफिसमधल्या एका मराठी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, ते पत्र आण बघू. नकार वाचलास, पण कारण वाचलंस का?"

कारण खाली स्पष्ट लिहिलेलं होतं : पुरेसा क्रेडिट इतिहास नाही.

ताई म्हणाल्या, "म्हणजे तू पैसे बुडवतोस असं कोणी म्हटलेलं नाही. तुझी वही कोरी आहे, एवढंच. भारतातला हिशेब इथल्या वहीत आपोआप येत नाही."

तुम्ही म्हणाल, "दादा, आम्ही तर इथेच जन्मलो!" खरं आहे. पण अठरा वर्षांचे झालात की बहुतेकांची वही कोरीच असते. आई-बाबांची पत वारशाने मिळत नाही. आणि पत फक्त कार्डापुरती नसते. अपार्टमेंट भाड्याने घेताना घरमालक ती बघतात. गाडीसाठी कर्ज घेताना व्याजाचा दर तिच्यावर ठरतो. म्हणून पहिला नकार आला तर खचून जाऊ नका, आणि पत्र फेकूनही देऊ नका.

३. पत्र आलं की काय करायचं?

अर्ज नाकारला तर त्याचं कारण सांगणं किंवा ते मागण्याचा हक्क तुम्हाला कळवणं, हे कायद्याने बँकेवर बंधनकारक आहे. तुमच्या क्रेडिट रिपोर्टमुळे नकार दिला असेल, तर तो रिपोर्ट कोणत्या ब्यूरोकडून घेतला हेही पत्रात असतं. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या ब्यूरोकडे मागितलात तर तुमचा रिपोर्ट फुकट मिळतो.

ब्यूरो म्हणजे आपल्या पैशाच्या व्यवहारांची वही ठेवणाऱ्या कंपन्या. अमेरिकेत अशा तीन मोठ्या कंपन्या आहेत : इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. एन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत साइटवर तिघांचेही रिपोर्ट एरवीही फुकट बघता येतात. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

रिपोर्टमध्ये आपलं नाव, पत्ता आणि खाती नीट तपासा. जे खातं तुम्ही कधी उघडलंच नाही ते तिथे दिसलं, तर लगेच ब्यूरोकडे तक्रार करा. अशा तक्रारीची चौकशी त्यांना साधारणपणे ३० दिवसांत करावी लागते.

४. स्कोअर कशावर ठरतो?

वहीतल्या नोंदींवरून एक आकडा काढतात. त्याला स्कोअर म्हणतात. फायको हा सर्वांत जास्त वापरला जाणारा स्कोअर ३०० ते ८५० यांच्यामध्ये असतो. तो साधारणपणे असा ठरतो :

- पैसे वेळेवर भरले का : ३५ टक्के
- किती उधारी वापरली : ३० टक्के
- खाती किती जुनी आहेत : १५ टक्के
- नवे अर्ज आणि नवी खाती : १० टक्के
- कर्जाचे वेगवेगळे प्रकार : १० टक्के

या यादीत पगार नाही, हे लक्षात आलं का? अर्ज मंजूर करताना बँक पगार विचारते, पण स्कोअर काढताना तो मोजत नाहीत. वाण्याचंही तसंच होतं.

रागाच्या भरात मी तीन अर्ज केले, त्याची नोंदही वहीत झाली. प्रत्येक अर्जाने स्कोअर थोडा खाली येऊ शकतो, आणि ती नोंद दोन वर्षं राहते. म्हणून नकार आला की लगेच दुसरा अर्ज करू नये. आधी कारण दूर करावं.

५. कोरी वही भरायची कशी?

*अनामत रक्कम भरून मिळणारं कार्ड.* याला सिक्युअर्ड कार्ड म्हणतात. मी ५०० डॉलर अनामत भरले आणि मला ५०० डॉलरची मर्यादा मिळाली. अनामत भरली म्हणून बिल भरायचं नाही, असं मात्र नाही. बिल दर महिन्याला भरावंच लागतं. हे कार्ड घेताना एक प्रश्न नक्की विचारा : "तुम्ही तिन्ही ब्यूरोंना माहिती पाठवता का?" माहिती पाठवली नाही, तर वहीत काहीच लिहिलं जात नाही.

*विद्यार्थ्यांचं कार्ड.* कॉलेजच्या मुलांसाठी काही बँका असं कार्ड देतात. पण २१ वर्षांच्या आत स्वतःचं उत्पन्न दाखवावं लागतं, नाहीतर मोठं कोणीतरी जामीन राहावं लागतं. पार्ट-टाइम नोकरीचा पगारही उत्पन्नात धरतात.

*आई-बाबांच्या कार्डावर नाव.* ते तुम्हाला त्यांच्या कार्डावर जोडून घेऊ शकतात. त्यांनी वेळेवर पैसे भरले तर तुमच्या वहीतही चांगली नोंद होऊ शकते. त्यांनी उशीर केला तर तोही तुमच्या वहीत दिसू शकतो. म्हणून हे आधी घरी बसून मोकळेपणाने बोला.

डेबिट कार्ड वापरून मात्र पत तयार होत नाही. त्यात आपण आपलेच पैसे खर्च करतो, कोणाचं उधार घेत नाही.

आता मर्यादेचं गणित बघू. मर्यादा ५०० डॉलर आहे आणि बिल ४०० डॉलरचं आलं, तर आपण ८० टक्के उधारी वापरली. हे जास्त झालं. ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे १५० डॉलरच्या आत राहिलेलं बरं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते असे!

बरेच लोक सांगतात, "थोडी बाकी ठेव, म्हणजे स्कोअर वाढतो." हे चूक आहे. बाकी ठेवली की फक्त व्याज वाढतं, आणि अनेक कार्डांवर ते वर्षाला २० टक्क्यांहून जास्त असतं. बिलावर 'किमान रक्कम' लिहिलेली असते. तेवढीच भरली तर उशीर झाला असं धरत नाहीत, पण उरलेल्या पैशांवर व्याज चढतं. म्हणून पूर्ण रक्कम भरा.

६. नऊ दिवसांचा उशीर

मी त्या कार्डावर फक्त फोनचं बिल आणि थोडी भाजी घ्यायचो. सगळं ठीक चाललं होतं. मग डिसेंबरात बहिणीच्या लग्नासाठी भारतात गेलो आणि बिलाची तारीख विसरलो. नवव्या दिवशी आठवलं, तेव्हा पोटात गोळा आला. लगेच पूर्ण पैसे भरले. दंड बसला. पण ३० दिवसांच्या आत भरले होते, म्हणून रिपोर्टमध्ये उशिराची नोंद झाली नाही. तशी नोंद झाली असती तर सात वर्षं राहिली असती. त्याच रात्री मी ऑटोपे चालू केलं.

साधारण वर्षभराने बँकेने माझी अनामत परत केली आणि मला साधं कार्ड दिलं. मी बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "छान! आता तारीख चुकवू नकोस."

शब्दार्थ
- उधारी : नंतर पैसे देण्याच्या बोलीवर घेतलेलं सामान किंवा पैसे
- नामंजूर : मान्य न केलेला
- अनामत : आधी भरून ठेवलेली रक्कम, डिपॉझिट
- जामीन राहणे : दुसऱ्याने पैसे दिले नाहीत तर आपण देऊ अशी हमी घेणे
- हिशेब चुकता करणे : सगळी बाकी देऊन टाकणे
- पोटात गोळा येणे : खूप भीती वाटणे
- अंथरूण पाहून पाय पसरणे : ऐपत बघून खर्च करणे

प्रश्न
१. वाणी श्रीमंत घराला उधार का देत नसे?
२. "नकार वाचलास, पण कारण वाचलंस का?" असं ताई का म्हणाल्या?
३. मर्यादा ८०० डॉलर असेल, तर ३० टक्के म्हणजे किती डॉलर?
४. लेखकाच्या दोन चुका कोणत्या? तुम्ही असता तर काय केलं असतं?

घरी करा
आई-बाबांना विचारा : "तुम्हाला पहिलं कार्ड कधी आणि कसं मिळालं? कधी नकार आला होता का?" त्यांचं उत्तर आठ-दहा ओळींत लिहा आणि पुढच्या रविवारी वर्गात वाचून दाखवा.