कुंडीखालच्या किड्यांना ओल कशी सापडते?

प्रश्न : गॅलरीतली कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटे, पुष्कळ पायांचे किडे दिसतात. क्षणात सैरावैरा पळतात आणि थोड्या वेळानं बघावं तर शेजारच्या कुंडीखाली ओलीत सगळे गोळा झालेले. इतक्या लांबून त्यांना ओल कशी कळते? सातवीतल्या मुलाला विज्ञान प्रदर्शनासाठी यावर काही करता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लांबून कळत नाही, हीच तर यातली गंमत आहे.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. इंग्रजीत याला वुडलाउस म्हणतात. हात लावताच अंगाची गोळी करणारा तो पिलबग. आपण सरसकट किडे म्हणत असलो तरी हे कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय, यांना सात जोड्या. नात्यानं हे कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले. पाणी सोडून जमिनीवर आले खरे, पण पाण्याची गरज काही पुरती सुटली नाही. कीटकांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. यांच्याकडे तशी सोय नाही. त्यात श्वास घ्यायचा तो पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या पापुद्र्यांनी, आणि ते ओलसर राहिले तरच काम करतात. एखादा किडा काचेच्या बाटलीत घालून भिंगानं खालून पाहा. शेवटच्या पायांच्या मागे एकावर एक बसलेले हे पापुद्रे दिसतील. काही जातींत त्यांवर पांढरे ठिपके असतात. त्या हवेच्या सूक्ष्म नळ्या, म्हणजे जमिनीवर राहण्यासाठी झालेली थोडी सुधारणा. तरीही कोरड्या हवेत हा प्राणी फार काळ तगत नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डी. एल. गन यांनी १९३७ साली याच्या एका जातीचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. हवेतला दमटपणा बदलला की हालचाल कशी बदलते, हे त्यांनी पाहिलं. कोरड्या हवेत प्राणी बराच वेळ चालत राहतात, दमट हवेत बराच वेळ थांबून असतात. एवढंच! ओल कुठल्या दिशेला आहे हे त्यांना माहीत असण्याची गरजच पडत नाही. कोरडं लागलं की चालायचं, वाट फुटेल तिकडे. चालता चालता ओलीत शिरलं की पाय मंदावतात. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते. तिथं जमायचं कुणीच ठरवलेलं नसतं, वेग मंदावतो म्हणून गाड्या साठतात. किड्यांचंही तसंच. या दिशाहीन प्रतिसादाला शास्त्रात कायनेसिस म्हणतात.

उजेडाची गोष्ट वेगळी. उजेड एका बाजूनं येतो, त्याला दिशा असते, आणि यांना साधे का होईना दोन डोळे असतात. त्यामुळे उजेडाकडे पाठ करून थेट निघणं त्यांना जमतं. हा दिशा धरून दिलेला प्रतिसाद म्हणजे टॅक्सिस. कुंडी उचलल्यावर दिसणाऱ्या पळापळीत हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. म्हणून नुसतं बघून उलगडा होत नाही, प्रयोगच करावा लागतो.

आणि तो घरी होतो. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, पण गोल. चौकोनी डब्यात हे सगळे कोपऱ्यात जाऊन बसतात, कारण अंगाला दोन्ही बाजूंनी काही टेकलं की यांची हालचाल थांबते. मग तुम्ही ओल मोजताय की कोपरे, हे कळायचं नाही. डब्याच्या अर्ध्या तळाला ओला टिपकागद, अर्ध्याला कोरडा, मध्ये बोटभर फट. कोरड्या बाजूला बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या न फोडता चिकटवल्या तर ती बाजू खरोखर कोरडी राहते. नाहीतर बंद डब्यात थोड्याच वेळात हवा दोन्हीकडे सारखीच दमट होते. दहा-बारा किडे मऊ ब्रशनं उचलून मध्यभागी सोडा आणि डबा झाका. वर अंधार सगळीकडे सारखा हवा, म्हणजे उजेडाचा प्रश्न उरत नाही. ठराविक वेळानं झाकण अलगद उचलून मोजा. मग डबा अर्धा फिरवून पुन्हा मोजा. जमिनीला उतार असला तर तो उघडा पडेल. शेवटी दोन्ही बाजू कोरड्या ठेवूनही एकदा मोजा. ही शेवटची फेरी मुलं हटकून गाळतात आणि मग साऱ्या प्रयोगाचा आधारच जातो.

बहुतेक प्रदर्शनांत इथवर येऊन तक्ता रंगवतात, 'किड्यांना ओलावा आवडतो'. मला हे अपुरं वाटतं. ओलीत किती जमले या आकड्यावरून ते तिथं कसे पोचले हे कळत नाही. त्यासाठी एकच किडा सोडा, डब्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा, वरून मंद आणि सगळीकडे सारखा उजेड ठेवा आणि तो जाईल तशी पेननं रेघ ओढत जा. दर अर्ध्या मिनिटाला रेघेवर ठिपका द्या. कोरड्या बाजूला ठिपके लांब लांब पडले आणि ओल्या बाजूला दाटले, तर गन यांनी सांगितलेलं तुमच्या मुलानं स्वतः पाहिलं असं समजा.

एकमेकांना चिकटून बसण्याचाही फायदा असतो. घोळक्यातल्या किड्यांचं पाणी एकट्या किड्यापेक्षा सावकाश कमी होतं, हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. सी. ॲली यांनी १९२६ मध्ये दाखवलं होतं. रेघेचा प्रयोग एकेकट्या किड्यावर करायला सांगितला तो यासाठीही.

दोन पथ्यं. वाणी, ज्याला मुंबईकडे पैसा म्हणतात, तो या प्रयोगात घेऊ नका. त्याच्या अंगातून निघणाऱ्या द्रवानं त्वचेची आग होते. आणि किडे कोरड्या डब्यात रात्रभर विसरू नका.

आणखी एक. जे. एल. क्लाउडस्ली-थॉम्पसन यांनी १९५२ मध्ये दाखवलं की रात्री या प्राण्यांची ओलीची ओढ सैल पडते. म्हणून तर अंधार झाल्यावर ते कोरड्या जागीही हिंडताना दिसतात. अंग फार सुकलं, तर एरवी उजेड टाळणारा हाच प्राणी उजेडाकडे जाऊ लागतो, म्हणजे वाळलेल्या आसऱ्यातून बाहेर पडतो. तेव्हा प्रत्येक मोजणीपुढे वेळ लिहायला मुलाला सांगा, आणि सकाळचे आकडे रात्रीच्या आकड्यांत मिसळू देऊ नका.