आधी हवा, मग पिस्टन

काशीदच्या वाळूत इंजिन मरतं ते बहुतेक वेळा एअर फिल्टरच्या वाटेनं. चौल-रेवदंडा भागात मी दुरुस्तीचं काम करतो. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या चार चाकी एटीव्ही सीझनभर माझ्याकडे असतात. अलीकडे हौशी मुलांच्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. डर्ट ट्रॅकवर पळवायच्या म्हणून कुठून तरी ‘तयार’ करून घेतलेल्या असतात. ही मुलं पगारातून पैसे बाजूला टाकून पार्ट मागवतात, रात्र रात्र जागून माहिती काढतात. गाडीवर जीव असतो त्यांचा. म्हणूनच एखादी गाडी टेम्पोतून उतरवताना पोरगा गप्प उभा राहतो, तेव्हा मला वाईट वाटतं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

पनवेलकडच्या एका मुलाची गाडी सांगतो, कारण तिच्यात सगळं एकाच ठिकाणी पाहायला मिळालं. चेनवर चालणारी, हाताच्या क्लचची २०० सीसीची एटीव्ही. या चिनी इंजिनाचा बोअर ६३.५ मिलिमीटर, स्ट्रोक ६२.२, म्हणजे खरे १९७ सीसी. घराणं होंडाच्या जुन्या सीजी १२५ चं, पुशरॉडवालं. साधं आणि दणकट इंजिन, वेळेवर तेल बदललं की वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. त्याला एका गॅरेजनं ६७ मिलिमीटरचा पिस्टन बसवून दिला होता. हेड अर्धा मिलिमीटर घासलं होतं. सीटखालचा एअर बॉक्स काढून कार्बोरेटरच्या तोंडावर उघडा फिल्टर लावला होता, सायलेन्सरही मोकळा. कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट मात्र कंपनीचाच होता. त्याला कुणी हातच लावला नव्हता.

मुलगा गाडी घेऊन काशीदला आला. ओहोटीला ओली वाळू टणक होते, त्यावर गाडी सुरेख पळाली. मग वरच्या कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात शिरली. तिथं पूर्ण थ्रॉटल देऊनही वेग मिळेना. तसंच रेटत नेल्यावर इंजिन जॅम झालं. अशा चेनवाल्या एटीव्हीचा मागचा धुरा (ॲक्सल) अखंड असतो, चेन थांबली की दोन्ही चाकं एकदम अडकतात. गाडी आडवी फिरली आणि मुलगा खांद्यावर पडला. हेल्मेट होतं म्हणून हंसळीच्या हाडावर निभावलं.

मी आधी प्लग काढला. आतली चिनीमाती पांढरीफटक, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे चमकदार कण. ते कण ॲल्युमिनियमचे. पिस्टनचा माथा वितळायला लागला की तो असा प्लगवर उडतो. हेड उतरवलं. एक्झॉस्टच्या बाजूची पिस्टनची कड खाल्लेली, रिंग खाचेत चिकटलेली, लायनरवर ॲल्युमिनियम लेपासारखं फासलेलं. मग कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं. बोटाला तेलकट थर लागला. अंगठ्यानं चोळला तर करकरला.

म्हणजे एका इंजिनात दोन आजार होते. उष्णतेनं त्याला त्या दिवशी संपवलं. उष्णता नसती तर वाळूनं पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत संपवलंच असतं.

आधी वाळूचं बोलतो, कारण ती सगळ्यांनाच भोवते, रेस करणाऱ्याला आणि भाड्यानं गाडी चालवणाऱ्यालाही. काशीदची वाळू पांढुरकी आणि पायाला मऊ लागते. पण शिंपल्यांच्या चुऱ्याबरोबर तिच्यात गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटीचा कठीणपणा मोहच्या मापावर ७ आहे. सिलिंडरचं बीड त्यापुढे टिकत नाही. बारीक कण पिस्टन आणि लायनरमध्ये सापडला की प्रत्येक फेऱ्यात एक उभी रेघ ओढतो. आधी पिकअप जातो, मग निळा धूर येतो, मग गाडी तेल प्यायला लागते, आणि मालक म्हणतो, ‘रिंगा खराब लागल्या.’ कंपनीनं एअर बॉक्सचं तोंड सीटखाली, उंचावर ठेवलेलं असतं ते याचसाठी. उघडा फिल्टर बसतो नेमका मागच्या चाकानं उडवलेल्या वाळूच्या माऱ्यात. हवा जास्त मिळते हे खरं, पण तिच्याबरोबर काय मिळतं तेही बघायला हवं.

रेससाठी हवा वाढवायचीच असेल तर एअर बॉक्स ठेवा आणि त्याचं झाकण मोकळं करा. आत दुपदरी फोमचा फिल्टर घाला. तो रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवायचा, आणि फिल्टरसाठी मिळतं तेच चिकट तेल लावून हलक्या हातानं दाबायचा. पिळायचा नाही, फोम फाटतो. इंजिन ऑइल लावून भागवणारे खूप आहेत, पण ते तेल खाली निथळतं आणि वरचा फोम कोरडा राहतो. फिल्टरच्या कडेला ग्रीसची बारीक पट्टी द्या. प्रत्येक फेरीनंतर रबरी पाइपात पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर एक कण जरी दिसला तरी त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू करू नका, आधी तो कुठून आला ते शोधा.

आता उष्णता. पेट्रोल नीट जळायला वजनानं एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. पूर्ण थ्रॉटलला पुरेपूर ताकद हवी तर मिश्रण आणखी घट्ट लागतं, साडेबारा-तेराच्या आसपास, आणि ते जास्तीचं पेट्रोल आतला भाग थंडही ठेवतं. एअर बॉक्स काढला, सायलेन्सर मोकळा केला, सीसी वाढवले आणि जेट तोच ठेवला, तर मिश्रण पातळ होतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला नऊच भाग हवा लागते, त्यामुळे ई-२० चं प्रमाण साडेतेराच्या जवळ येतं. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट आज मुळातच थोडा कमी पडतो. ज्या गाडीला काहीच केलेलं नाही ती हे सोसून नेते. ‘तयार’ केलेली गाडी सोसत नाही.

जेटचा अंदाज असा घ्या. केहिनच्या पद्धतीत आकडा म्हणजे भोकाचा व्यास, १०५ म्हणजे १.०५ मिलिमीटर. १०५ चा ११० केला की व्यास पाचच टक्के वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्के. म्हणून एकेक पायरी चढा, आणि नेहमी मोठ्या जेटपासून खाली या. मोठ्या जेटनं गाडी भसभस करेल, काळा धूर सोडेल, पण मरणार नाही. लहान जेटवर ती शेवटच्या क्षणापर्यंत छान पळते, हाच तिचा धोका. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेटचं राज्य, मधे नीडलचं, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचं. तक्रार कोणत्या टप्प्यात आहे ते पाहिल्याशिवाय कार्बोरेटर उघडू नका. प्लग बघायचा तर पूर्ण थ्रॉटलला गाडी ताणून तिथेच स्विच बंद करा, क्लच दाबा आणि गाडी थांबल्यावर प्लग काढा. आयडलवर घुरघुरत गॅरेजमध्ये आणलेल्या गाडीचा प्लग काहीही सांगत नाही. ई-२० वर रंग फिका येतो, त्यामुळे जुना तपकिरी रंग शोधत बसू नका.

त्या मुलाला सगळ्यात नवल वाटलं ते कॉम्प्रेशनच्या हिशेबाचं. मूळ कॉम्प्रेशन ९.२ धरा. १९७ सीसीला हेडमध्ये साधारण २४ सीसी जागा उरते. ६७ चा पिस्टन घातला की इंजिन २१९ सीसीचं होतं. हेडमधली जागा तेवढीच राहिल्यामुळे कॉम्प्रेशन आपोआप १०.१ वर जातं. वर अर्धा मिलिमीटर हेड घासलं की १०.८. हवेवर थंड होणारं इंजिन, पंपावरचं साधं पेट्रोल, आणि काशीदची कोरडी वाळू, जिथं इंजिनावर पूर्ण भार आणि फिन्सना वारा जवळजवळ नाही. अशा वेळी आतलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट बघत नाही, आपोआप पेटतं. आतून खिळे हलल्यासारखा आवाज येतो. मोकळ्या सायलेन्सरच्या गोंगाटात तो त्या मुलाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

बोअर वाढवायचाच असेल तर तीन मापं लेथवाल्याकडून कागदावर लिहून घ्या: पिस्टन आणि लायनरमधली फट, रिंगच्या टोकांमधली फट, आणि पिस्टनचा माथा व हेड यांच्यामधली जागा. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर साध्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, त्याला फट जास्त द्यावी लागते. रिंगला ६७ च्या बोअरमध्ये पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच ठेवा. पिस्टनच्या माथ्यावर सोल्डरची तार ठेवून इंजिन हातानं फिरवलं की चेपलेल्या तारेची जाडी तिसरं माप सांगते. ही मापं न देणाऱ्याकडे काम देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो.

फेऱ्यांचं लिमिट नसलेला सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मागू नका. साडेआठ हजारांवर फिरणारं इंजिन दहा हजारांवर नेलं की कनेक्टिंग रॉडवरचा ताण ३८ टक्क्यांनी वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. पुशरॉडच्या इंजिनात तर त्याआधीच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हात टेकतात.

मुलं विचारतात, ‘काका, मग करायचं तरी काय?’ याचं उत्तर मला माझ्या भाच्याकडून मिळालं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला असताना बाहा एसएईइंडियाच्या टीममध्ये होता. २००७ पासून चाललेल्या या स्पर्धेत विद्यार्थी स्वतः एटीव्ही बांधतात आणि मध्य प्रदेशात पीथमपूरला नेऊन पळवतात. त्याच्या वेळी सगळ्यांना एकच इंजिन होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचं, आणि त्याला आतून हात लावायला मनाई. तरीही एक गाडी चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये दुसरीला कितीतरी फेऱ्यांनी मागे टाकायची. फरक पडायचा वजनात, गिअरिंगमध्ये, सस्पेन्शनमध्ये, आणि शेवटपर्यंत चालू राहण्यात. भाचा म्हणाला, ‘मामा, आमच्याकडे रात्री जागायचे ते इंजिनवाले नव्हते, वजन मोजणारे होते.’ मी तेव्हापासून आधी गाडी काट्यावर ठेवतो. कॅरिअर, जड बंपर, लोखंडी पायदानं, सगळं उतरवतो. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठं करतो. वाळूत आणि चढावर जो पिकअप मुलं पिस्टनमध्ये शोधतात, तो पुष्कळदा त्या दोन-तीन दातांत सापडतो. टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय, आणि मागच्या दोन्ही टायरांचा घेर फितीनं मोजून सारखा. अखंड धुऱ्यावर घेर वेगळा असेल तर गाडी सतत एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपलाच हात चुकतोय.

इंजिनाच्या बाहेरच्या एका गोष्टीवर मी हटून बसतो: मनगटाला बांधायची, पडल्यावर इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी. अखंड धुऱ्याची गाडी वळवायला अंगाचं वजन टाकावं लागतं. ताकद वाढली की ती उलटायला वेळ लागत नाही. अमेरिकेत तीन चाकी एटीव्हीनं इतके बळी घेतले की १९८८ मध्ये कंपन्यांना त्यांची विक्री थांबवावी लागली. चार चाकांनी धोका कमी झाला, संपला नाही.

आणि गाडी काशीदच्या किनाऱ्यावर तपासू नका. वाळू आपली नाही. शनिवार-रविवारी तिथं पोरंबाळं, घोडे, उंट, फुगेवाले असतात. सकाळी मोकळा दिसणारा किनाराही कुणाच्या तरी फिरायला जाण्याची वाट असतो. दिवेआगर-हरिहरेश्वरकडे कासवं अंडी घालतात, त्या वाळूवर तर चाक नेऊच नये. गाडी टेम्पोत घालून जागामालकाला विचारून मोकळ्या रानात न्या, फितीनं अंतर आखा, घड्याळ लावा.

त्या मुलाच्या इंजिनात मी नवा ब्लॉक बसवला, ६३.५ चाच. दुसरं हेड घातलं, एअर बॉक्स परत आणला, मागे मोठं स्प्रॉकेट. पहिल्यांदा सुरू करून पाच मिनिटांनी बंद केलं, पूर्ण गार होऊ दिलं, असं तीनदा. मग पहिलं तेल काढलं. या इंजिनात तेल गाळायला जाळी असते आणि तेल असतं लिटरभराच्या आसपास, त्यामुळे रेसच्या गाडीचं तेल मी प्रत्येक शर्यतीनंतर बदलायला सांगतो. काढलेलं तेल परातीत ओतून त्यात लोहचुंबक फिरवला. बारीक करडी धूळ आली, नव्या रिंगा बसताना येते तेवढीच. खांदा बरा झाल्यावर तो गाडी घेऊन रानात गेला आणि आता दर फेरीची वेळ वहीत लिहितो. मोठ्या पिस्टनचा विषय त्यानं परवा पुन्हा काढला. मी त्याला म्हटलं, वहीतल्या वेळा सलग दोन महिने खाली येत राहिल्या आणि मग थांबल्या, की वही घेऊन ये, तेव्हा बोअरचं बोलू.