हिवाळी केदारकांठा : मित्रांसोबत निघालेल्या भाच्यास पत्र

चि. भाच्यास,


केदारकांठा हे सुमारे 3,800 मीटर उंचीचे शिखर उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहाराच्या जंगलात आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे. केदारकांठ्याच्या पायथ्याचे सांकरी गावच त्याहून वर वसलेले आहे. हिवाळाभर या डोंगरावर बर्फ असतो आणि नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईकडचे तरुणांचे गटही तिथे दिसतात. ‘सोपा ट्रेक’ ही त्याची ख्याती एवढ्यापुरती खरी, की दोर लावावा लागत नाही, कातळ चढावा लागत नाही आणि वाट मळलेली आहे. विरळ हवा, थंडी आणि बर्फ यांचा त्रास मात्र मोठ्या शिखरांवर होतो तसाच तिथेही होतो. या तिन्हींची एक खोड सारखी आहे : ज्याला त्रास होतो त्याला तो बहुधा सर्वांत शेवटी कळतो. शेजारी चालणाऱ्या मित्राला तो आधी दिसतो. हिवाळी डोंगरावर सोबत लागते ती मुख्यतः यासाठी.

3,800 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण सवडीने. साधारण 2,500 मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडणे, झोप न लागणे असे त्रास सुरू होऊ शकतात. 3,000 मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असा दंडक आहे. केदारकांठ्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात पहिला मुक्काम जुडा का तालाब येथे सुमारे 2,800 मीटरवर, दुसरा सुमारे 3,400 मीटरवर आणि पुढच्या पहाटे थेट शिखर, असा बेत असतो. हा वेग जास्त आहे. सुट्टी एका दिवसाने वाढवून तळ्याकाठी आणखी एक रात्र काढणे केव्हाही शहाणपणाचे. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती त्यांना आधी सांगावी.

गटाचा खोळंबा नको म्हणून डोकेदुखी लपवणे, हा मित्रांच्या गटातला नेहमीचा आणि सर्वांत महागात पडणारा दोष. रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे : डोके दुखते का, जेवण गेले का, लघवी नीट झाली का. डोके दुखत असताना आणखी वर चढू नये आणि दुखणे वाढत गेले तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचे लक्षण असू शकते. झोकांड्या आणि असंबद्ध बोलणे मेंदूला सूज येत असल्याचे. शंका आली की त्या मित्राला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला लावावे. तोल जात असेल तर सकाळची वाट न पाहता त्याला सोबत देऊन लगेच खाली न्यावे.

थंडीचा हिशेब वेगळा. हजार मीटर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते आणि वारा सुटला की अंगातली ऊब त्याहून झपाट्याने जाते. सुती बनियन आणि जीन्स घामाने भिजतात व वाळत नाहीत, म्हणून त्या घरीच ठेवाव्यात. अंगाला थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, बाहेरून वारा व पाणी अडवणारे जॅकेट असे थर असावेत. चढणीवर घाम फुटण्याआधी एक थर काढावा आणि थांबताक्षणी पुन्हा चढवावा. शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले की माणूस अडखळतो, जीभ जड होते, हातातल्या वस्तू पडू लागतात. अशा वेळी कुडकुडणे थांबले तर बरे वाटल्याचे ते चिन्ह नव्हे, धोका वाढल्याचे आहे. ओले कपडे बदलून त्याला कोरड्या स्लीपिंग बॅगमध्ये घालावे आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड काहीतरी पाजावे.

स्वतःचे नाक स्वतःला दिसत नाही. म्हणून जोड्या लावून दर थांब्यावर एकमेकांचे नाक, कान, गाल बघावेत. पांढुरका, बधिर डाग दिसला तर तळहाताची ऊब द्यावी. चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो, त्यामुळे काळा गॉगल ढगाळ हवेतही डोळ्यांवर असावा. डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते, तोवर इजा होऊन गेलेली असते.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी. पाणी वरून गोठते, त्यामुळे बूच मोकळे राहते. टॉर्च आणि मोबाईलच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घ्याव्यात. तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शिखराकडे पहाटे अंधारातच निघतात, कारण तेव्हा बर्फ घट्ट असतो आणि बुटांना लावलेले मायक्रोस्पाइक्स धरून राहतात. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला गाईडच्या लगेच मागे ठेवावे, सर्वांत दमदाराला शेवटी. वेग पुढच्या दोघांनी ठरवावा. ताज्या बर्फातून वाट काढायची असेल तर पुढचा माणूस बदलत राहावा. मोठ्या हिमवर्षावानंतर एक-दोन दिवस 30 ते 45 अंशांच्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका अधिक असतो. तिथे गाईडने नाही म्हटले की विषय संपला. उतरताना पोरे बर्फावर बसून घसरतात. स्पाइक्स पायात असताना असे केले तर दाते बर्फात अडकून घोटा मोडू शकतो.

परतीची वेळ आदल्या रात्री सर्वांसमक्ष ठरवावी आणि शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी ती पाळावी. कोणाही एकाने ‘फिरू या’ म्हटले तर त्यावर मतदान नको. जून 2024 मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात सापडून कर्नाटकातल्या नऊ ट्रेकर्सचा मृत्यू झाला. तो तर उन्हाळा होता.

सांकरीहून डेहराडून सुमारे 200 किलोमीटर आहे. घाटरस्त्याने चांगल्या हवेतही जवळजवळ दिवस जातो आणि मोठे इस्पितळ तिथेच. रेल्वेची तिकिटे काढण्यापूर्वी हे पत्र बरोबरच्या सगळ्या मित्रांना एकत्र बसवून वाचून दाखवावे आणि कोणाला दमा, हृदयविकार किंवा औषधाची ॲलर्जी आहे, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

कळावे,
मामा